एकोणतीस

फळ्यावर मी एकोणतीस लिहिला
आणि हात वर न करताच अल्फियानं विचारलं,
"सर, ह्याला सोताचं नाव कामून नाही?"

वाघजळीची शाळा. दोन खोल्या, एक ओसरी.
जिंतूरहून येणारी गाडी चुकली
तर चार किलोमीटर पायी.
पत्रा तापला की टकटक वाजतो,
जसं कुणी वरून उत्तर तपासतंय.

"कसलं नाव?"
"अठ्ठावीसमधी आठ हाय, वीस हाय.
तिसाचं तर तीसच.
ह्याचं मात्र, तिसाला एक कमी.
जवळ काय हाय ते सांगतच नाही,
काय नाही तेवढंच सांगतंय."

बावीस वर्षं नोकरी झाली,
हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.
तेरा साते म्हणताना आमचा डोळा छडीवर,
एक्याण्णव आलं की सुटलो.
शब्दाच्या आत कोण राहतं
ते डोकावून बघायला सवड कुणाला होती?

टाचणवही मिटली.
"जा, असले अजून किती आहेत, धरून आणा."

ओसरीभर खडू सांडला.
एकोणीस सापडला, एकोणचाळीस, एकोणपन्नास,
एकोणऐंशीला शिवतेज म्हणाला, "हे बी उणंच."
पवन एका कोपऱ्यात चिंचोक्यांची लाईन लावत बसलेला.
त्याला पाढे येत नव्हते,
पण बाप बोअरच्या गाडीवर, त्यामुळं रॉड यायचे.
एक रॉड वीस फुटाचा.
"पवन, सतरा रॉड?"
"तीनशे चाळीस. कोरडी."
विसाचा पाढा त्याला जमिनीनं शिकवला होता,
आणि प्रत्येक उत्तरापुढं तो
कोरडी की ओली, ते सांगायचाच.
मी त्याचे अर्धे मार्क कापायचो, एकक चुकलं म्हणून.

तेवढ्यात ओसरीच्या टोकाला गलका.
"नव्व्याण्णव! सर, ह्याला नाव हाय!"
"मग एकोणशंभर कामून नाही?"
मी म्हणालो, "मला माहीत नाही."
लेकरं क्षणभर गप्प,
मग इतकी खूश झाली
की शाळा सुटेपर्यंत एकमेकांना
"मला माहीत नाही" म्हणत हिंडली, माझ्याच आवाजात.

दुसऱ्या दिवशी घरोघरची उत्तरं आली.
अल्फियाचे अब्बू म्हणाले, आमच्यात उनतीस उणाच,
पण नवासीबी सुटलंय अन् निन्यानवेबी.
शिवतेजचा चुलता मोंढ्यात हमाल:
शंभराजवळ आलेल्या माणसाला
कमी म्हणत नसतेत.
प्रणालीची आई म्हणाली,
मास्तरला काही काम नाही का?

संक्रांतीनंतर बोअरची गाडी
कर्नाटकाच्या बाजूला गेली.
पवनही गेला. दप्तर खिळ्यालाच राहिलं,
आत त्रेसष्ट चिंचोके. आम्ही मोजले.

हजेरी घेताना मी मोठ्यानं म्हणालो, पट एकोणतीस.
अल्फिया तिसऱ्या रांगेतून, वर न बघता,
"तिसाला एक कमी, सर. म्हंजे पवन हाय की त्याच्यात."

मी पुढचं नाव वाचायला जरा उशीर केला.

मार्चमध्ये एकदा भर तासाला फोन वाजला.
मागं मशिनचा आवाज, त्यातून बारीक,
"सर, अठरावा रॉड!"
मी स्पीकर लावला.
"तीनशे साठ!" सगळा वर्ग ओरडला.
"ओली का कोरडी?" शिवतेजनं विचारलं.
तिकडून बराच वेळ नुसती घरघर.
मग रेंज गेली.

त्या दिवशीचं गणित
आम्ही उत्तराची जागा रिकामी ठेवून
फळ्यावर तसंच राहू दिलं.